डब्बा बोलला का?

चाळीस रुपये. तीसचे तर्री पोहे आणि दहाचा चहा. गेल्या आठवड्यात सकाळी नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका ठेल्यावर मी हे दोन्ही रीतसर पोटात घातले, प्लेट टोपलीत फेकली, कोड स्कॅन केला, पिन टाकला. पाकीट घरी होतं, कारण फिरायला जायच्या पँटला खिसा एकच आहे आणि त्यात मोबाइल राहतो. स्क्रीनवर ते गोल चक्र आलं. फिरलं, फिरलं, दमलं आणि खाली ओळ उमटली, व्यवहार प्रलंबित आहे.

"झालं," असं म्हणून मी निघालो.

"भाऊ, डब्बा नाही बोलला."

ठेलेवाल्यानं हे बोलताना मान वर केली नाही. तो दुसऱ्याच्या पोह्यांवर तर्री ओतत होता. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. पावसाचं निरीक्षण सांगावं तसं त्यानं सांगितलं. डब्बा बोललेला नाही.

हा डब्बा म्हणजे कांद्याच्या पातेल्याशेजारी सांबाराच्या जुडीला टेकून ठेवलेला, पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं सांगणारा तो निळसर बोलका ठोकळा. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेल्यांनी वडा शोधू नये.) सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मी ह्या ठेल्यावर मोबाइल नुसता वर करून दाखवायचो आणि तो मान हलवायचा. तेवढ्यात व्यवहार पूर्ण. आता माझी स्क्रीन चालत नाही, माझा शब्द चालत नाही, आठ वर्षं तिथं खातोय ते चालत नाही. साक्षीदार एकच, आणि तो कांद्याजवळ गप्प बसलेला.

"कटले असतील हो," मी म्हटलं. "येतील तुमच्याकडे."

"येतीनच," तो म्हणाला. "थांबा ना दोन मिनिटं."

मी थांबलो. आणि तिथंच चुकलो, कारण बाजूला हेल्मेटकाका पोहे खात होते.

काकांचं वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असावं. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कॅनव्हासचे बूट. डोक्यावर हेल्मेट. स्कूटर स्टँडवर, किल्ली खिशात, काका जमिनीवर दोन पायांवर उभे, पण हेल्मेट डोक्यावर, काच वर, पट्टा हनुवटीखाली घट्ट. त्या चौकटीतून चमचा आत जात होता आणि रिकामा बाहेर येत होता. पट्ट्यावर तर्रीचा लाल ओघळ वाळला होता, म्हणजे हा रोजचा प्रकार असणार. मी नंतर धीर करून विचारलं तर म्हणाले, "काढलं का विसरते मी. दोन हेल्मेट ह्याच ठेल्यावर गेले." ह्यावर काय बोलणार?

"काय झालं? डब्बा नाही बोलला?" काकांनी विचारलं.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल."

"कोनाच्या? तुमच्या का त्याच्या?"

"ते काय माहीत?"

"माहीत पाहिजे ना बावा. डब्ब्याचं सिम वेगळं राहते. त्याचं नेटवर्क वेगळं, तुमचं वेगळं. पहिले तपास करा कोनाची चुकी हाये ते."

हे सांगताना काका जवळजवळ ओरडत होते. कान झाकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो आणि तो समोरच्यालाही बहिरा समजतो, हे शास्त्र मला तिथं कळलं. तोवर चार-पाच जणांनी माझ्याकडे पाहून घेतलं होतं.

काकांनी प्लेट स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि तपास हाती घेतला. डब्बा उचलला. उलटा केला. दोन चापट्या मारल्या, जशा पूर्वी रेडिओला मारायचे. मग तो डोक्यावर, म्हणजे हेल्मेटवर, धरून ते रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबापर्यंत गेले, कारण झाडाखाली "रेंज मोकळी भेटते". ठेलेवाला झारा हातात धरून पाहत राहिला. मी पाहत राहिलो. एक दूधवाला मोटरसायकल थांबवून पाहायला लागला. आणि त्या कडुनिंबाखाली, काकांच्या डोक्यावर, डब्बा खरंच बोलला.

"दस रुपये प्राप्त हुए."

"आले!" काका तिकडूनच गरजले. "दहा आले! तीस राहिले!"

"काका, ते माझे आहेत," चहाचा ग्लास धरलेलं एक कॉलेजचं पोट्टं म्हणालं. "माझा चहा झाला."

"तुझे कायले? तू उगी राय." मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात, "हप्त्यानं येऊन राहिले. नेटवर्क कमी असलं का तुकड्यानं येतात."

मी सांगायचा प्रयत्न केला की पैसे पाण्याच्या टँकरसारखे दोन खेपांत येत नाहीत. पण गर्दीला काकांचा सिद्धान्त आवडला होता. एक बाई मान हलवत म्हणाल्या, त्यांच्या गॅसचे असेच झाले होते. पोट्ट्याला वाटलं, आता आपलेच दहा रुपये माझ्या खात्यात वळते होणार. त्यानं स्वतःचा मोबाइल ठेलेवाल्याच्या नाकासमोर धरला. ठेलेवाला म्हणाला, "मले काही समजून नाही राहिलं, डब्बा जागेवर ठेवा पहिले."

डब्बा जागेवर आला. पुन्हा गप्प.

"बॅलन्स पाहा," काका म्हणाले.

"कशाला?"

"कटले का नाही ते कळते. कटले असन तर तुमी खरे. नाही कटले तर..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. सगळ्यांनी मनात पूर्ण केलं असावं.

आता सांगतो, माणसानं स्वतःचा बॅलन्स कधी चार लोकांत पाहू नये. एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच बॅलन्स पाहता येईल अशी मर्यादा २०२५च्या ऑगस्टपासून आली, तेव्हा मी हसलो होतो की दिवसात पन्नास वेळा कोण पाहतं? आज मला वाटतं, मर्यादा एकची असायला हवी होती. निदान त्या सकाळी मी आधीच पाहून बसलो असतो आणि ॲपनं मला नकार दिला असता.

मी पाठ फिरवली, कोपरानं आडोसा केला, पिन टाकला. पिन मी जिवापाड लपवला. पिन लपवण्याच्या नादात पुढची स्क्रीन लपवायची राहिली. ती उघडली तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर एक हेल्मेट टेकलेलं होतं.

"एक हजार," हेल्मेट म्हणालं, "दोनशे सहा रुपये. चाळीस पैसे."

डब्ब्याचा आवाज इतका स्पष्ट नसतो.

पोह्यांचे चमचे थांबले. दूधवाल्यानं गाडी बंद केली, इतका वेळ ती चालूच होती.

"पहिले किती होते?" काकांनी विचारलं.

"आठवत नाही."

"इतके कमी हाये तरी आठवत नाही?"

इथं मी जे केलं ते करायला नको होतं. मी खुलासा करायला लागलो. की हे माझं मुख्य खातं नव्हे. की मुख्य खातं दुसऱ्या बँकेत आहे, त्याला मी मोबाइल जोडलेलाच नाही. की आजकाल फसवणुकीचे इतके प्रकार चाललेत म्हणून शहाणी माणसं पोहे-भाजीसाठी एक वेगळं खातं उघडतात, त्यात दीड-दोन हजारच ठेवतात, म्हणजे गेले तर तेवढेच जातील. ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण पोह्याच्या ठेल्यावर ट्रॅकपँट घालून उभा असलेला, चाळीस रुपये अडकलेला माणूस "माझं दुसरं एक मोठं खातं आहे" असं म्हणायला लागला की ते कसं ऐकू येतं, हे मला पहिल्या वाक्यानंतरच कळलं होतं. तरी मी बोलतच राहिलो. "मुदत ठेवीसुद्धा आहेत," असंही म्हणालो. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

"हाव ना," काका मऊपणे म्हणाले. त्या मऊपणानं माझा शेवट केला. "असते, असते. महिन्याची २४ तारीख हाये, कोनाजवळ राहते?"

आणि ठेलेवाला, ज्याला आठ वर्षांत मी एकदाही उधारी मागितली नव्हती, झारा खाली ठेवून म्हणाला, "राहू द्या भाऊ. पगार झाला का द्या."

पगार झाला का द्या! अरे, माझ्या बापानं महाल भागातल्या किराणा दुकानात चाळीस वर्षं उधारीची वही चालवली. लाल कापडी बांधणीची, दोऱ्यानं बांधलेली. मी दुकानात जायचो, एक किलो पोहे आणि पाव किलो फल्लीदाणे घ्यायचो आणि "लिहून ठेवा" म्हणायचो. दुकानदार माझ्याकडे न पाहता लिहायचा. शंभर वेळा उधारी केली, पण लाज वाटली नाही, कारण माझ्या घरात किती शिल्लक आहे हे त्यानं चारचौघांत कधी वाचून दाखवलं नाही. त्याला माहीत असणारच, तो किराणावाला होता, त्याला तर आमच्या घरी पाहुणे कधी येतात तेही आमच्याआधी कळायचं. पण ते त्याच्या पोटात राहायचं.

आणि मी काही नव्याला नाकं मुरडणारा माणूस नाही. नोटबंदी झाली ८ नोव्हेंबर २०१६ला. संविधान चौकाजवळच्या रिझर्व्ह बँकेसमोर मी रांगेत उभा राहिलो आहे, घरून डबा नेऊन. पुढं २०१७ साली आंबेडकर जयंतीला पंतप्रधानांनी आपल्याच नागपुरात येऊन अंगठ्यानं पैसे देण्याची सोय देशाला दिली, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे... नाही, पेढे नाही वाटले, पण कौतुक केलं. मग २०२३ साली दोन हजारची नोट मागं घेतली आणि बायकोला एक नोट सापडली ती नेमकी मुदत संपल्यावर, लुगड्याच्या घडीत. आईच्या लुगड्याच्या. तेव्हा देशात अशा नोटा घेणारी रिझर्व्ह बँकेची १९ कार्यालयं होती आणि त्यातलं एक आपल्या गावात, दहा मिनिटांवर. सांगलीच्या मेव्हण्याला फोन करून मी हे मुद्दाम सांगितलं. त्याच्याकडे दोन नोटा होत्या आणि त्याला मुंबई-बेलापूर नाहीतर आपलं नागपूर. असा अभिमान आयुष्यात फार वेळा वाट्याला येत नाही.

मेट्रोचंही तेच. लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर मी कुठंही चढतो, कार्ड टेकवतो, फाटक उघडतं. एकदा नाही उघडलं. शिल्लक संपली होती. पण फाटक काय म्हणालं? काही नाही. लाल दिवा लावून गप्प उभं राहिलं. खिडकीशी गेलो, शंभर रुपये भरले, परत आलो, उघडलं. सीताबर्डीच्या त्या एवढ्या गर्दीत एकालाही कळलं नाही की माझ्या कार्डात सात रुपये होते. यंत्र असावं तर असं, अब्रू राखणारं.

असो. ठेल्यावरून मी घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं आधी विचारलं, "तुम्ही मुदत ठेवी का काढल्या पण?" मग म्हणाली, "त्या काकांना मी ओळखते वाटतं. गोकुळपेठच्या बाजारात हेल्मेट घालून वांगी निवडतात तेच ना? त्यांची तर सगळ्यांशी ओळख आहे हो." एवढं बोलून ती आत गेली. सगळ्यांशी ओळख. म्हणजे रविवारपर्यंत गोकुळपेठ बाजार, त्यानंतर धरमपेठ.

दुपारी तक्रार करायला ॲप उघडलं. तिथं माणूस नसतो. एक हसरं चित्र असतं, ते विचारतं, "मी आपली काय मदत करू?" मी लिहिलं, पैसे कटले, समोरच्याला पोचले नाहीत. ते म्हणालं, आपला व्यवहार प्रलंबित आहे. म्हटलं, तेच तर सांगतोय. ते म्हणालं, आपलं समाधान झालं का? खाली दोन बटणं, दोन्हींवर अंगठा, एक वर आणि एक खाली. मी खाली दाबला. ते म्हणालं, आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत. बँकेत फोन केला तर त्यांनी इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन करत अकरा मिनिटं सनई ऐकवली. लग्न माझं नव्हतं. चाळीस रुपयांसाठी कोणी एवढं करतं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण हे असेच चाळीस-चाळीस रुपये रोज किती जणांचे मधल्या मधे लोंबकळत असतील? त्यातला भाजीवाला, रिक्षावाला कुठं फोन करत बसतो? तो म्हणतो, गेले. आणि ज्याचा डब्बा बोलला नाही तो ठेलेवाला दिवसाला अशा दोन प्लेटा सोडत असेल तर त्याचे कोण भरून देतं? त्याला झापणं सोपं आहे, मीही मनात झापलंच. पण त्याच्या जागी मी असतो तर डब्ब्यावरच भरवसा ठेवला असता. खोटी स्क्रीन दाखवून पोहे खाऊन जाणारे आपल्यातलेच आहेत.

भाची बँकेत आहे. तिनं ज्ञान दिलं. "मामा, नियम आहे. रिझर्व्ह बँकेचा, २०१९चा. दुकानदाराला पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेनं द्यायचे."

"प्रत्येक दिवसाचे?"

"हो."

"मूळ रक्कम चाळीस असली तरी?"

"हो मामा."

मी फोन ठेवला आणि माझ्या मनाचा रंग पालटला. चाळीस रुपयांवर दिवसाला शंभर! मुदत ठेवीवर सात टक्क्यांसाठी लोक बँका पालथ्या घालतात आणि इथं तर्री पोह्यांवर रोजचे अडीचशे टक्के. २४ तारखेला व्यवहार, २९ला मुदत संपणार, ३०पासून मीटर सुरू. महिनाभर अडकले तर तीन हजारांच्या आसपास. वर्षभर अडकले तर गच्चीची गळती थांबेल. मी तक्रार करायचं ताबडतोब बंद केलं. ॲपला हातही लावला नाही, न जाणो, हलवल्यानं सुटायचे. बायकोला म्हटलं, "अडकू दे." ती म्हणाली, "काय अडकू दे?" मी म्हटलं, "काही नाही."

२५ला पाऊल ठेल्याकडे वळत नव्हतं, पण देणं होतं. बायकोच्या डाळीच्या डब्यातून वीस-वीसच्या दोन नोटा घेतल्या. ठेल्यावर काका होतेच. चौकटीतून चमचा आत, रिकामा बाहेर. मी नोटा ठेलेवाल्याच्या हातात दिल्या.

"जमलं म्हणायचं," काका म्हणाले. "घरून आनले?"

"हो."

"वहिनीनं देल्ले?"

आणि दिले तिनंच होते, काय सांगता! मी हो म्हणालो. काकांनी आजूबाजूला पाहून मान हलवली. गरीब पण घर चांगलं आहे, अशा अर्थाची.

२६, २७, २८. रोज रात्री झोपताना मी बॅलन्स पाहायचो. अंथरुणात, पांघरुणाखाली, पिन नव्हे तर बॅलन्स लपवून. एक हजार दोनशे सहा रुपये चाळीस पैसे. छान. २९ तारीख. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेवढेच. रात्री साडेदहाला मी भाचीला संदेश टाकला की शंभरासाठी अर्ज कुठं करायचा. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइल वाजला. आपल्या खात्यात ४० रुपये जमा झाले आहेत.

वीस मिनिटं! माणसांनी अडवलेला पैसा वीस वर्षांत सुटत नाही आणि ह्यांना वीस मिनिटं दम निघाला नाही.

काल पुन्हा ठेल्यावर गेलो. खरं तर पासबुक घेऊन जायचा विचार होता, मुख्य खात्याचं. पिशवीत टाकलंही होतं, बायकोनं दारात काढून घेतलं. पोहे खाल्ले, चहा प्यालो, कोड स्कॅन केला. मोबाइल वर केला तसे काका हात वर करून म्हणाले, "थांबा रे जरा, त्यायचं होऊ द्या." बोलणं थांबलं. चहावालं पोट्टं तेच होतं, त्यानं ग्लास खाली ठेवला. सगळे डब्ब्याकडे पाहायला लागले. मीही.

"चालीस रुपये प्राप्त हुए."

"बोलला!" काका म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हेल्मेटची कड माझ्या कानाला लागली. ठेलेवाला हसला. हल्ली माझ्या पोह्यांवर तो न विचारता एक पळी तर्री जास्त घालतो, चण्यासकट. त्याचे पैसे घेत नाही. मीही काही बोलत नाही, खातो.